तारा तुटल्याचा आवाज

ताईने रेडिओचा काटा केसभर मागे घेतला आणि मघापासून फुटणारी खरखर पुन्हा एकसुरी झाली. जिथे आसपासचे कुठलेच केंद्र लागत नाही, अशी जागा तिला हवी होती. ती सापडताच ती खुर्चीत टेकली. तेवढ्यात खरखरीतून कुणा माणसाचे दीड शब्द उसळून वर आले आणि बुडाले. भाषा कुठली, कोण जाणे. ताईने समोरच्या वाटीतली एक गुंडी उचलून दुसऱ्या वाटीत टाकली.

दार उघडले. एक बूट निघाला, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरा. धाकटा भाऊ पार गळून आला होता.

"ढग?" तिने विचारले.

"नुसते काळेकुट्ट. साठ मुलं, वर त्यांचे आईबाप. रात्रभर माना वर करून बसलो सगळे. शेवटी एक आजोबा म्हणाले, मास्तर, पुढच्या वेळी ढगांना विचारून तारीख ठरवा."

तो शाळेत विज्ञान शिकवायचा. दर हिवाळ्यात उल्कावर्षावाच्या रात्री मुलांना टेकडीवर न्यायचा. ताईला त्याने कधी बोलावले नव्हते. ताई जन्मापासून आंधळी. बोलावले तर तिला लागेल, असे त्याला वाटे. न बोलावल्याचेही लागते, हे ताईने कधी त्याच्या कानावर घातले नाही. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाचा टेलिफोन बोर्ड ती बावीस वर्षे सांभाळत होती. निम्मे डॉक्टर तिला नुसत्या खोकल्यावरून ओळखू येत.

"आणि तू सकाळी सकाळी ही खरखर काय लावून बसलीयस?"

"तुझ्याच उल्का मोजतेय. साडेपाचपासून सतरा झाल्या."

तो हसला. ताई हसली नाही, तसा तोही थांबला.

"रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी शिकवलं," ती म्हणाली. "उल्का जळत गेली की मागे क्षणभर तिची रेघ राहते म्हणे. लांबच्या केंद्राचा आवाज एरवी आपल्या डोक्यावरून निघून जातो. तो त्या रेघेवर आपटतो आणि खाली येतो. रेघ विरली की गेला."

"बरोबर आहे. पण ताई, आता उजाडलंय."

"त्यांना कुणी सांगायला गेलंय का?"

उल्का दिवसाही पडतात, फक्त आपल्याला दिसत नाहीत, हे वाक्य तो दरवर्षी वर्गात सांगायचा. सांगायचा आणि फळा पुसायचा. आता त्याने स्टूल ओढले. खरखर. मग तंतुवाद्याचा एक तुकडा, जेमतेम एका झंकाराएवढा. ताईने गुंडी टाकली.

आणखी दोन गुंड्या पडल्यावर तो म्हणाला, "ताई, लहानपणी गच्चीवर मी तुला तारे तुटताना सांगायचो ना..."

"एका रात्रीत तीस-तीस."

"त्यातले पुष्कळसे..."

"ठाऊक आहे मला. खोटा असला की तू लगेच ओरडायचास. खरा असला की आधी तुझा श्वास अडकायचा."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तू गच्चीवर यायचं सोडलं असतंस."

त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. वाढलेली दाढी तळव्याला घासल्याचे तिला ऐकू आले.

"खरे किती होते?"

"सगळ्या हिवाळ्यांचे मिळून नऊ," ताई म्हणाली आणि पर्स शोधायला उठली. आठला तिची पाळी सुरू व्हायची. दाराशी चपला घालताना ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मी येणार टेकडीवर. रेडिओ माझा, बॅटऱ्या तुझ्या."

"पुढच्या वर्षी कशाला? आज रात्रीही पडणार आहेत. त्या साठ जणांना पुन्हा बोलावतो."

"ढग असले तर?"

"असू देत," तो म्हणाला.

"जा, झोप आता जरा," ताई म्हणाली आणि जिना उतरली. पण वरच्या खोलीतून खरखर बंद झाल्याचा आवाज काही आला नाही.

साडेआठला बोर्डावर गर्दी उसळली. कुणाला अपघात विभाग हवा होता, कुणाला रक्तपेढी. ताईची बोटे चालत होती.

"नमस्कार, चौकशी."

"ताई." भावाचा आवाज अगदी हलका होता, जणू मोठ्याने बोलले तर काहीतरी उडून जाईल. "एक बाई हसली. अर्धा सेकंदसुद्धा नसेल. हसली आणि गेली."

"मग फोन ठेव, मास्तर. बोलत बसलास तर पुढची निसटेल."

तिने पुढचा फोन घेतला, बालरोग विभागाला जोडून दिला.

"कुणाचा होता गं?" शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी विचारले. "एवढी खुललीस ती?"

"भावाचा," ताई म्हणाली. "त्याला एक दिसली."