दाजींच्या कमरेला बांधलेला दोर

रविवारी सकाळी साडेआठला, गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीच्या कड्यावर मी तुटलो. तुटलो तेव्हा माझ्या टोकाला एक माणूस बांधलेला होता.

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. पाणी शेंदायचा नव्हे, सामान बांधायचाही नव्हे. कडे चढणाऱ्या माणसांना सांभाळायचा. जगात एक गोष्ट आमच्या जातीच्या दोराने करायची नसते, ती म्हणजे तुटणं. नेमकी तीच मी केली. माझं पिंजारलेलं पांढरं टोक वाऱ्यावर हलतंय आणि ते माझंच आहे, हे मला अजून पटत नाही. माझा एक तुकडा खाली जमिनीवर पडलाय, दुसरा इथे वर आहे. बोलतोय तो वरचा. जे झालं ते झालं त्याच क्रमाने सांगतो, कारण दुसरं काही सुचत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. बारीक चमकदार धाग्यांना पीळ देऊन आधी माझा गाभा तयार झाला. मग गाभ्यावर निळ्या आणि केशरी धाग्यांचं कवच विणलं गेलं. दोराची ताकद गाभ्यात असते. कवच नुसतं गाभ्याला जपतं आणि झाकतं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. बाहेर पाठवण्याआधी मला वजनं टांगली, वरून झटके दिले. मी हूं की चूं केलं नाही. तिथल्या माणसाने मला थोपटून गुंडाळलं, आणि आपण कधी तुटूच शकत नाही असं तेव्हापासून माझ्या मनाने घेतलं.

खेळांच्या सामानाच्या दुकानात मी रॅकेटींच्या शेजारी टांगलेला होतो. तिथे एक दिवस दोन भावंडं आली. भावाचं औषधांचं दुकान. डोक्यावरचे केस विरळ झालेले, तरी घरीदारी त्याला सगळे धाकटाच म्हणतात. बहीण त्याची ताई. तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, रफू करणं. दोघांनाही सुट्टीच्या दिवशी सोफ्यात रुतून बसायचा कंटाळा आला होता. ताईने मला हातात घेतलं आणि कापड पारखावं तसं अंगठ्याखालून फिरवलं.

"वीण घट्ट आहे रे. कापड असतं तर डोळे मिटून घेतलं असतं."

"मग मीट डोळे आणि घे," धाकटा म्हणाला.

तिने खरोखरच डोळे मिटले.

त्यांचा एक नियम होता. सायकलवरून निघायचं आणि दुपारच्या जेवणाला घरी परतायचं. त्यात बसेल तेवढंच लांब जायचं. तुम्हाला वाटेल, एवढ्याशा घेरात कसली आलीये मौज? पण त्या घेरातच पाणी आटलेला जुना हौद निघाला, त्याच्या तळाशी घुबडाचं कुटुंब निघालं, झाडीत बुजलेला दगडी पूल निघाला. आणि ही खाण निघाली. इथला दगड काढणं केव्हाच बंद झालंय. कड्याच्या माथ्यावर लोखंडी कडी पक्की बसवलेली आहे. त्या कडीतून मला ओवायचं, एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला, आणि दुसरी बाजू खाली उभ्या असलेल्याच्या हातात. त्याच्या पट्ट्याला धातूचा ब्रेक असतो, त्यातून वळसा घेऊन मी सरकत राहतो. चढणारा घसरला की खालचा मला आवळतो आणि मी त्याला धरतो.

ताई पहिल्यांदा कडीपर्यंत पोहोचली तेव्हा आधी खूप हसली, मग थोडी रडली, मग एकदम गंभीर होऊन वरून ओरडली, "अरे, मी गॅस बंद केला होता ना?"

चढण्याआधी ताई मला तपासायची. डोळे मिटून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वीतवीत बोटांतून सरकवायची. रफू करणाऱ्या बोटांना डोळ्यांपेक्षा जास्त कळतं, असं ती म्हणे. तेवढा वेळ कुणी एक अक्षर बोलायचं नाही. धाकटा मागच्या जन्मीचा पोपट, पण तोही गप्प बसायचा. माझ्या मधोमध खुणेसाठी ताईने लाल दोरा घट्ट गुंडाळला होता. तिथे बोटांना थोडं जाड लागे, की तिला कळे, अर्धं झालं.

आता दाजींविषयी. दाजी म्हणजे ताईचे यजमान. कचेरीत फायली हाताळतात आणि घरी सगळ्यांना नावं ठेवतात. "या वयात कसल्या माकडचेष्टा! पडलात ना, तर डबा घेऊन हॉस्पिटलात मी यायचो नाही, सांगून ठेवतो." असं दर रविवारी म्हणायचे. आणि दर रविवारी दोघांच्या सायकलींत हवा भरून, पाण्याच्या बाटल्या भरून दारात ठेवायचे.

गेल्या वर्षी ताईचा गुडघा दुखावला. खाणीवरच नव्हे, दुकानाच्या पायरीवर. मग काही महिने मी जिन्याखालच्या कपाटात, माझ्या पिशवीत पडून राहिलो. वेटोळं घालून. त्याच दिवसांत दाजींनी गाडीची बॅटरी बदलली. जुनी बॅटरी त्यांनी मांडीला टेकवत आणून त्याच कपाटात, माझ्या वरच्या फळीवर ठेवली. "भंगारवाला आला की देऊन टाकू," म्हणाले. भंगारवाला आलाही असेल. बॅटरी तिथेच राहिली, जराशी कलंडून.

एक दिवस माझ्यावर काहीतरी ठिबकलं. आधी गार लागलं, मग चुरचुरलं, मग त्या जागी काहीच जाणवेना. कोणाला सांगणार? दोराला टोकं असतात, तोंड नसतं.

पुढे ताईच्या हाती दाजींची एक पँट दुरुस्तीला आली. मांडीवर बारीक बारीक भोकं. धुतल्यावर एकाएकी उमटली होती. ती रफू करताना मी घरातच ऐकत होतो.

"अहो, खरं सांगा, सिगरेट ओढायला लागलात की काय? ठिणग्या पडल्यासारखी भोकं आहेत ही."

"सिगरेट? मी? अगं, मला उदबत्तीनेही ठसका लागतो!"

दोघंही हसली. पँट रफू झाली. विषय संपला.

गुडघा बरा झाला. काल रात्री जेवताना दाजी मान खाली घालून म्हणाले, "उद्या मी येतो."

"कुठे?"

"तुमच्या त्या कड्यावर."

ताईच्या हातातला डाव भांड्यावर तसाच राहिला. "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"टिंगल करू नकोस. इतके महिने तू खिडकीत बसून त्या टेकाडाकडे बघत होतीस. तसं बघावं असं माझ्याजवळ काहीच नाही. म्हटलं, एकदा जाऊन बघू, असतं तरी काय तिथे."

आज सकाळी तिघं इथे आले. ताईने डोळे मिटले, मला हातात घेतलं. दाजींना गप्प राहण्याचा नियम सांगितलेला होता. थोडा वेळ त्यांनी तो पाळला. ताईची बोटं नेमकी लाल दोऱ्याशी आली, आणि दाजींना राहवलं नाही.

"दोर तपासतेस की माझं पापपुण्य?"

ताई खुदकन हसली. डोळे उघडले. लाल दोऱ्यापलीकडे बोटभर जागा कडक झाली होती. तिचं बोट त्यावरून गेलं, पण बोटाला वाटलं, ही खुणेचीच जाडी. ती पुढे सरकली.

धाकटा मागच्या पायवाटेने माथ्यावर गेला, फोटो काढायला. मला त्याने कडीत ओवलं. ताई खाली ब्रेक धरून उभी राहिली. दाजी चढले. धापा टाकत, दगडाला शिव्या देत, दोनदा घसरून, पण चढले. कडीला हात लावला आणि मागे वळून बघितलं.

"अगं, आपलं घर दिसतंय! गच्चीवर माझं बनियन वाळतंय!"

असा आनंद मी त्यांच्या आवाजात कधी ऐकला नव्हता.

"आता मागे रेला, मी सोडते हळूहळू," ताई म्हणाली. ते मागे रेलले. त्यांचा सगळा भार माझ्यावर आला. ताई मला ब्रेकमधून वर सोडू लागली, आणि ती कडक जागा ब्रेकमधून भाराखाली गेली. माझं कवच फाटलं. आतून गाभ्याचे पांढरे धागे बाहेर आले, ताईच्या डोळ्यांसमोर. एकेक धागा कट् कट् तुटताना मी स्वतः ऐकत होतो.

ताईचा चेहरा कापडासारखा पांढरा झाला.

"अहो! पाय टेका! डाव्या पायाखाली कट्टा आहे!"

"थांब गं, धाकटा फोटो काढतोय."

"फोटो गेला खड्ड्यात! डावा पाय! घड्याळाच्या बाजूचा! टेका म्हणते ना!"

लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी तिचं निमूट ऐकलं असावं. डावा पाय टेकला, उजवा टेकला, कड्याला छाती लावली. माझ्यावरचा भार उतरतो न उतरतो तोच मी तुटलो.

आवाज फार मोठा झाला नाही. वाळकी काटकी मोडावी तेवढाच. कुठेतरी एक खडा गडगडत खाली गेला.

मग धाकट्याने कडीवर झेप टाकली, माझा दाजींकडचा भाग पकडला आणि तिथेच कडीला घट्ट बांधला. दाजी आता कट्ट्यावर उभे आहेत, माझ्या थोड्याशा लांबीने कडीला बांधलेले. कट्टा खिडकीच्या चौकटीएवढा रुंद. कट्ट्याच्या कडेचा दगड भुसभुशीत आहे.

ताई माझी पिशवी घेऊन दुखऱ्या गुडघ्याने पायवाटेवरून धावत वर आली. धाकट्याने वर ओढून घेतलेलं माझं तुटलेलं टोक तिने हातात घेतलं. बोटांनी चोळलं. पांढरे धागे भुग्यासारखे गळाले. तिने माझी पिशवी उलटी केली. पिशवीच्या एका अंगाला बारीक बारीक भोकं होती.

तिने त्या भोकांवरून बोट फिरवलं. मग कड्यावरून वाकून, अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो, जुनी बॅटरी कुठे ठेवली होतीत?"

"कपाटात. जिन्याखाली. आत्ता बॅटरीचं काय मध्येच?"

"कुठल्या फळीवर?"

दाजींनी दगडावरची पकड घट्ट केली.

"वरच्या," दाजी म्हणाले. "अगं, ती पँट..."

"हो. बॅटरीतलं ॲसिड. ती पँट मी रफू केली. हसत हसत रफू केली."

"तुझी चूक नाही. मीच ठेवली."

"आता बोलू नका. दगडाला धरून राहा."

अग्निशमन दलाला फोन झालाय. खाणीच्या रस्त्याच्या फाटकाला कुलूप आहे, म्हणून त्यांची गाडी वळसा घालून येतेय. किती वेळ लागेल ते त्यांनाही सांगता आलं नाही.

"ताई, हा वरचा तुकडा जमिनीपर्यंत पुरतो," धाकटा म्हणाला. "याच्यावरच त्यांना खाली सोडू. त्यांचे पाय बघ कसे थरथरताहेत!"

"आणि हाही ॲसिडने खाल्लेला असला तर?"

"बाकीचा चांगला दिसतोय की."

"तोही चांगलाच दिसत होता!" ताई ओरडली. "वेटोळं होतं रे ते. वरून एक थेंब पडला तर किती फेरे भिजले असतील? आणि एकच थेंब पडला हे कुणी सांगितलं?"

मित्रांनो, मला सगळ्यात मोठा धक्का बसला तो हे ऐकून. कारण त्याचं उत्तर मलाही माहीत नाही. माझ्याच अंगात कुठे काय उरलंय आणि काय गेलंय, ते मला सांगता येत नाही. वरून मी निळा-केशरी, धडधाकट दिसतो.

तुमच्या घरात मोठी माणसं असतील. कुणी पोहायला जात असेल, कुणी डोंगरावर, कुणी सायकलवर. त्यांना हसू नका. निदान हसल्यावर त्यांच्याबरोबर एकदा जा. त्यांच्या वस्तू कपाटात ठेवताना वरच्या फळीवर काय आहे ते पाहा. कपड्याला कारण नसताना भोक पडलं, तर ते बुजवण्याआधी कशाने पडलं ते शोधा. आणि कोणी डोळे मिटून काही तपासत असेल, तर तेवढा वेळ गप्प बसा. आम्ही वस्तू तुम्हाला हाक मारू शकत नाही. तुमच्या बोटांना जे कळेल, तेवढंच आमचं बोलणं.

आता साडेनऊ होत आलेत. गाडीचा आवाज अजून आलेला नाही. कट्ट्याच्या कडेचा आणखी एक तुकडा मघाशी खाली गेला. धाकटा कडीशी गुडघे टेकून बसलाय, दाजींना बांधलेली लांबी दोन्ही हातांत धरून. ती तेवढी ताईने सगळ्यात आधी तपासली. ती चांगली निघाली.

उरलेला मी ताईच्या हातात आहे. सगळा चांगला निघालो, तरच माझ्यावरून दाजींना खाली सोडायचं. तिने डोळे मिटले आहेत आणि ती मला वीतवीत पुढे सरकवतेय. तिची बोटं घामाने ओली आहेत, म्हणून मधूनमधून ती कपड्याला पुसते आणि पुन्हा धरते. अर्ध्याहून जास्त झालंय. धाकटा बोलत नाही. कड्याखाली, दगडाला गाल लावून उभे असलेले दाजीही बोलत नाहीत. नियम पाळताहेत.

आत्ता ताईची बोटं एका जागी थांबली आहेत. ती मागे गेली, पुन्हा पुढे आली, पुन्हा त्याच जागी थांबली.

तिने डोळे अजून उघडलेले नाहीत.