लाल ठिपक्याचं हाड

घाबरू नका मित्रांनो, घाबरायचं काम माझ्याकडे आहे. मी एक जुनं हाड आहे. माणसाचं. मला पाहून लोक किंचाळतात, दोन पावलं मागे सरतात. पण खरं सांगू? त्यांच्यापेक्षा मीच जास्त टरकलेला असतो. त्यांच्या हातून मी पडलो तर माझे दोन तुकडे होतील. त्यांना काय होणार आहे?

जरा गळ्याच्या खळीत बोट ठेवा बघू. आता ते हळूहळू खांद्याकडे न्या. कातडीच्या लगेच खाली एक आडवं, किंचित वाकडं हाड लागतंय ना? तो मी. म्हणजे तुमचं तुमच्याकडे. मी दुसऱ्या कुणाचा तरी, डाव्या बाजूचा. डॉक्टर मंडळी मला क्लॅव्हिकल म्हणतात.

मी कुणाचा होतो ते मला आठवत नाही. शरीररचना शिकवणाऱ्या मॅडम एकदा माझ्यावरून अंगठा फिरवून वर्गाला म्हणाल्या होत्या, "याच्या खालच्या खुणा किती ठळक आहेत पाहा. या माणसाने जन्मभर ओझी उचललेली दिसतात." तेवढंच काय ते मला माझ्या माणसाबद्दल ठाऊक. त्याने मरणानंतर आपला देह डॉक्टरकीच्या कॉलेजला दिला. ओझी उचलून दमला नाही, म्हणून जाताजाता मुलांच्या अभ्यासाचंही ओझं उचललं. मग मला उकळलं, वाळवलं, घासलं, आणि एका लांबट ट्रेमध्ये ठेवून दिलं. तो ट्रे आमच्या शरीररचनेच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर असतो. त्या खोलीला औषधाचा झोंबणारा वास आहे. नवी मुलं नाकाला रुमाल लावून आत येतात आणि वर्षभराने तिथेच बसून डबा खातात.

माझे कामाचे दिवस कसे गेले म्हणता? विचारू नका. एकाने माझा फळ्यावर दाखवायची काठी म्हणून उपयोग केला. एकाने, सांगायचीही लाज वाटते, माझ्या टोकाने पाठ खाजवली. कुणी चहाच्या ओल्या कपाशेजारी ठेवलं, कुणी खिशात घालून जिन्यावरून धावलं. तेव्हापासून माझ्या मध्यावर केसाएवढी चीर आहे. मला धरलेला हात जरा सैल झाला की मला काळीज नसूनही धस्स होतं.

मग एका मुलीने माझ्या टोकावर नेलपेंटचा लाल ठिपका दिला. कारण काय, तर मी डावा की उजवा हे तिच्या लक्षात राहत नव्हतं. मित्रांनो, आमच्या परीक्षेत नुसतं हाडाचं नाव सांगून भागत नाही. ते कुठल्या बाजूचं, हेही सांगावं लागतं. आणि माझ्या बाबतीत भलेभले घसरतात. ठिपका मात्र सोपा होता. लाल ठिपका म्हणजे डावं! ही गोष्ट एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे गेली. पाच मोठी हाडं सोडून मुलं आधी मला उचलू लागली. "हे आपलं ठिपकेवालं," म्हणू लागली. मीही फुशारलो. इतक्या हाडांत मलाच लोक ओळखतात, याचा मला कोण अभिमान!

आणि मग धाकटी आली.

तीन बहिणींतली शेवटची म्हणून घरी धाकटी, आणि वर्गातही सगळ्यांत बुटकी म्हणून इथेही धाकटीच. मुलगी गुणाची, पण भित्री. खोलीच्या दारात आली की आधी आत वाकून बघायची. पहिल्यांदा मला हातात घेतलं तेव्हा तिची बोटं बर्फासारखी गार होती आणि थरथरत होती. ती मला घाबरत होती, मी तिच्या बोटांना घाबरत होतो. अशी आमची ओळख झाली. तिचा अभ्यास म्हणाल तर भयंकर. पुस्तक उघडून रंगीत पेनाने ओळीच्या ओळी रंगवायची, ओठ हलवत पाठ करायची, आणि मधूनच माझा ठिपका पाहून मान डोलवायची. डावं, डावं. झालं पाठ.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मॅडमनी कपाटातली वेगळी हाडं काढली. मी ट्रेमध्येच होतो. समोरच्या टेबलापाशी धाकटी उभी राहिली आणि मॅडमनी तिच्या हातात माझ्यासारखंच एक हाड ठेवलं. स्वच्छ, पांढरं, कोरं.

"कुठल्या बाजूचं?"

धाकटीने ते उलटं केलं. सुलटं केलं. टोकं पाहिली. पुन्हा उलटं केलं. मला दिसत होतं ती काय शोधतेय, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं, तो माझ्याकडे आहे!

"काय शोधतेस गं?" मॅडमनी विचारलं.

"ठिपका," धाकटी म्हणाली.

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ते हाड तिच्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, "जा." बस, एवढंच. धाकटी नापास झाली. एकदाच पुन्हा परीक्षा मिळणार होती, आणि त्यातही गेली तर कॉलेजातून नाव कमी होणार होतं.

संध्याकाळी ती त्याच खिडकीत फोन घेऊन उभी राहिली. पलीकडे तिचे बाबा होते. "हो बाबा, चाललंय छान," ती म्हणत होती. "नाही हो, रडत नाहीये, सर्दी झालीये." फोन ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिला फसवलं. मला वाटलं, आता ही मला भिंतीवर आपटणार. तिने नुसताच ट्रे सरकवला. त्यापेक्षा आपटलं असतं तर बरं, असं वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम कापूस आणि बाटली घेऊन आल्या आणि माझा ठिपका पुसून टाकला. बाटलीतलं ते औषध असं चरचरलं की सांगता सोय नाही. पण चरचरण्यापेक्षा भीती मोठी होती. ठिपका गेला, आता मला कोण ओळखणार? आता मी त्या ढिगातला एक. चीर पडलेलं म्हणून टाकूनही देतील. एवढ्यात त्यांनी मला आणखी पाच-सात हाडांबरोबर एका जाड कापडी पिशवीत घातलं आणि तोंड आवळलं. काळोख! पाचावर धारण बसली माझी. संपलं, म्हटलं, पुरायला नेतायत.

पिशवी नेली ती धाकटीसमोर.

"पुस्तक मीट," मॅडमचा आवाज आला. "यात हात घाल. बघायचं नाही. बोटांनी वाच आणि मला सांग."

"मॅडम, मला नाही जमणार."

"मलाही जमत नव्हतं. मी तर पहिल्या वर्षी चक्कर येऊन पडले होते. घाल हात."

वरून तो गार हात आत आला. मी अंग चोरून घ्यायला पाहत होतो, पण हाडाने अंग चोरायचं कसं? बोटं माझ्याभोवती मिटली. आणि मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मला नीट चाचपलं. एक टोक गोल, जाडसर. दुसरं चपटं. एक बाजू गुळगुळीत, दुसरीकडे लांबट खाच.

"चपटं टोक खांद्याकडे, कारण तिथे त्याला खांद्याच्या हाडाला टेकायचंय," मॅडम सांगत होत्या. "खाच खाली, कारण तिथे स्नायू चिकटतो. गोल टोकाकडचा अर्धा भाग पुढे फुगतो. आता स्वतःच्या गळ्याखाली हात लाव आणि पडताळून बघ. कशाला काय म्हणतात ते नंतर. आधी ते तिथे का आहे, ते विचार."

तेव्हापासून धाकटीचा अभ्यास बदलला. रोज थोडा वेळ, पण रोज. पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल तसं चित्र काढायचं. मग उघडून बघायचं, काय राहिलं. सुरुवातीची माझी चित्रं पाहून मला हसू आलं, काकडी बरी! तिची मैत्रीण लंबू रोज समोर बसायची. धाकटी तिला शिक्षिकेसारखी शिकवायची आणि लंबू मुद्दाम वेड्यासारखे प्रश्न विचारायची. "पण का गं? पण कशावरून? मला नाही पटलं." जिथे धाकटी अडखळायची, तोच दुसऱ्या दिवशीचा पहिला धडा. आणि पिशवी तर होतीच. कधी चुकायची, रडायची, पिशवी ढकलून द्यायची. पुन्हा ओढून घ्यायची. तिची बोटं अजून थरथरायची, पण थरथरत थरथरत नेमक्या जागी पोहोचायची.

परीक्षेच्या सकाळी आम्हाला टेबलावर मांडलं. दुसऱ्या कॉलेजातून परीक्षक म्हणून एक सर आले होते. आवाज असा करडा, की खिडकीची तावदानंही दबून बसावीत. धाकटी आली. चेहरा पांढराफटक. सरांनी ओळीवरून हात फिरवला आणि उचललं, कुणाला? मला! माझी बोबडी वळली. अरे देवा, मीच कशाला? माझ्यामुळेच एकदा बुडालीय बिचारी.

तिने मला घेतलं आणि डोळे मिटले.

"झोपलात का?" सर म्हणाले.

"नाही सर. वाचतेय." बोटं फिरली. "क्लॅव्हिकल. डावं."

"डावं? नीट बघा. उजवं आहे."

तिची पकड अशी सैल झाली की मी निसटणार, हे मी गृहीतच धरलं. चिरेतून दोन तुकडे, खडाखड. पण तिने मूठ घट्ट केली आणि मला स्वतःच्या डाव्या खांद्याशी धरलं. "डावंच आहे, सर. चपटं टोक बाहेर, फुगवटा पुढे, गुळगुळीत बाजू वर येते. उजवीकडे धरलं तर," तिने मला फिरवून दाखवलं, "फुगवटा पुढे ठेवला की खाच वर येते. खाच खाली हवी."

सरांनी समोरच्या कागदावर खूण केली. मग म्हणाले, "बरोबर. पुढचं घ्या."

तिने मला दोन्ही हातांनी हळूच खाली ठेवलं आणि पुढचं हाड घेतलं. मी तोच ठिपकेवाला, हे तिच्या गावीही नव्हतं. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण कुणाचा ठिपका ओळखण्यापेक्षा त्याला ओळखणं किती अवघड, ते त्या दिवशी मला कळलं.

धाकटी पास झाली. नाव राहिलं. खिडकीतून बाबांना फोन केला तेव्हा ती खरोखर रडत होती आणि "सर्दी नाहीये, रडतेय" असं सांगत होती.

मित्रांनो, तुम्ही कधी अशा खोलीत आलात तर आम्हाला दोन्ही हातांनी धरा. आम्ही कुणीतरी विश्वासाने दिलेले आहोत. आणि अभ्यास करताना आमच्यावर खुणा करू नका; खुणा पुसल्या जातात. भीती वाटली तर वाटू द्या, मला अजूनही वाटते.

कालचीच गोष्ट. नवा वर्ग आला. एका मुलीने इकडेतिकडे पाहत मला उचललं आणि लाल पेनाचं टोपण काढलं. पेनाचं टोक माझ्या टोकाशी आलं आणि मी गारठलो. तेवढ्यात मागून एका बुटक्या ताईने तिचं मनगट धरलं.

"नको," धाकटी म्हणाली. "डोळे मीट. मी आहे इथे."