मंगलीबाईचं तेल

‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द लटारूच्या तोंडून उभ्या जन्मात कोणी ऐकले नव्हते. बल्लारपूरकडे वीस वर्षं शेतीपंपांची इंजिनं खोलून बसवलेला माणूस. मग भामरागडला आला, लोखंडी डोंग्यावर, म्हणजे नावेवर, तसलंच एक डिझेल इंजिन चढवलं, आणि पावसाळ्यात रस्ते बुडाले की नदीकाठची गावं त्याच्याच भरवशावर राहू लागली. त्यानं तो जरा फुगला होता. फुगेना का बिचारा, पण इतकं फुगू नये की समोरच्याला काही विचारायचंच राहून जाईल.

त्या वर्षी दहा दिवस रस्ता बंद होता. इंजिनात टाकायचं वंगणाचं तेल संपलं, बाजारात थेंब मिळेना. लटारूनं डोकं चालवलं. इंद्रावतीच्या खालच्या अंगाला एका गावात मंगलीबाई राहायची. मोहाच्या बिया कुटून-पिळून ती घरीच तेल काढायची, खायलाही तेच आणि अंगाला लावायलाही तेच. लटारूनं तिच्याकडून डबाभर तेल घेतलं आणि दिलं इंजिनात ओतून. तेल ते तेल, म्हणे! उन्हाची उघडीप होती, चार दिवस इंजिन लोण्यासारखं चाललं. मग काय, भेटेल त्याला त्यानं हे सांगितलं. मंगलीबाईलाही सांगितलं, की बाई, तुमच्या तेलानं डोंगा पळून राह्यला. ती लाजून हसली होती.

मग दोन दिवस गार वारा आणि पावसाची झड लागली. डोंगा तिच्याच गावाच्या काठाला अडकून पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास मंगलीबाईचा एकुलता एक लेक कोलू धानाच्या बांधीत रोवणीसाठी पऱ्ह्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, पेंढी उचलायला वाकला आणि पेंढीखालचा नाग त्याच्या मनगटाला डसला. बावीस वर्षांचा धडधाकट पोरगा. सापाचं इंजेक्शन भामरागडच्या दवाखान्यात, आणि भामरागड नदीनं वर, पुराच्या धारेच्या उलट. वल्ही मारून तिथं कोणी पोचलं नसतं.

चार जणांनी कोलूला डोंग्यात आणून ठेवलं, मंगलीबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. लटारूनं हँडल फिरवलं तर ते जड लागलं. तिथंच त्यानं थांबायला हवं होतं. पण पोरगा समोर पडलेला, लटारूनं हँडलला एक शिवी हासडली, तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू केलं आणि गरम व्हायची वाटही न बघता पूर्ण वेगात सोडलं.

अर्ध्या वाटेत आवाज बदलला. खालून, पोटातून, ठक, ठक, ठक. वेग कमी केला की आवाज मऊ व्हायचा, वाढवला की हातोडी मारल्यासारखा. लटारूनं पान्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावलं. आतल्या दांड्याचं बेअरिंग गेलं होतं. असंच रेटलं तर दांडा इंजिनाचं पोट फोडून बाहेर येणार, आणि पुरात डोंगा जाईल तिकडे जाणार.

पाण्यात बुडालेल्या एका झाडाच्या शेंड्याला त्यानं दोर बांधला आणि इंजिन बंद केलं. मंगलीबाई लेकाच्या डोळ्यांकडे बघत होती. कोलूच्या पापण्या खाली येऊ लागल्या होत्या.

‘‘झोपू देऊ नका बाई,’’ लटारू म्हणाला. ‘‘बोलत राहा त्याच्याशी.’’

ती माडिया बोलीत बोलत राहिली. कोलू आधी हुं म्हणायचा, मग नुसता ओठ हलवायचा.

लटारूनं बाजूचं झाकण खोललं, तळहात भाजला. आत हात घातला तर बोटांना काय लागावं? तेल नाही, तूप! इंजिन वरून तापलं तरी गार तळाशी, कडेकडेला पिवळं थिजलेलं, आणि त्यात चांदीच्या भुकटीसारखे चमकते कण. तेल जायचं बारीक भोक त्याच थराखाली बुजलेलं. बेअरिंगचा खालचा अर्धा भाग कोरडाच फिरून खरवडून निघाला होता. वीस वर्षांचं सगळं शहाणपण त्या एका बोटभर तुपात होतं. आपल्याच थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला झालं, पण हात रिकामे कुठं होते?

मंगलीबाईला वास आला. तिनं मान वळवून त्याच्या बोटांकडे पाहिलं.

‘‘भाऊ, हे माहंच तेल ना? आमचं तेल थंडीत गोठते. चुलीपाशी ठेवा लागते. त्यानंच बिघडलं का?’’

हे तिच्या गावातल्या कुठल्याही बाईला ठाऊक होतं. लटारूनं कधी विचारलंच नव्हतं.

‘‘नाई बाई,’’ तो म्हणाला. ‘‘बेअरिंगच जुनं होतं. तेलाचा काई दोष नाई.’’

नंतर सांगू, असं त्यानं मनाशी ठरवलं. आत्ता ही बाई कोसळली तर पोराला जागं कोण ठेवणार? असंही त्यानं स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटली, बाकी सगळी सारवासारव.

नवं बेअरिंग नव्हतं. लटारूनं कमरेचा पट्टा काढला. खऱ्या चामड्याचा होता, हे एक नशीब. सुरीनं पट्टी कापली, बेअरिंगच्या मापाला तासली, तेलात बुडवली, खालच्या भागात बसवली आणि बोल्ट आवळले. भोक तारेनं मोकळं केलं. थिजलेलं तेल हातांनी उपसून त्यात डिझेल कालवलं, पातळ झालं तसं पुन्हा ओतलं. दुसरं होतंच काय? सगळ्याला पाऊण तास गेला. तोवर कोलूच्या तोंडातून लाळ गळू लागली आणि हाकेला ओ येईनाशी झाली.

चामडं किती टिकेल, देव जाणे. लटारूनं एका हातानं पँट सावरत, दुसऱ्या हातानं वेग कमी धरून, डोंगा माणूस चालतो तितक्या चालीनं वर नेला. कान आवाजाकडे, डोळे पोराच्या छातीकडे. एकदा ती छाती हललीच नाही असं वाटलं. मंगलीबाईनं पोराचा गाल चापटला तेव्हा कुठं ती हलली. भामरागडचा घाट दिसला आणि ठक ठक परत सुरू झाली. काठ टेकला तेव्हा इंजिन आपोआप बंद पडलं, ते पुन्हा लागलं नाही.

कोलू वाचला. तीन दिवस हातानं दाबायच्या फुग्याच्या पंपानं त्याला श्वास दिला, मग आपला आपण घेऊ लागला. नर्सबाई म्हणाली, अर्धा तास उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. लटारूनं तो पाऊण तास मनात कितीदा मोजला, त्याचं त्यालाच माहीत. मग रोज दवाखान्यात जायचा, आज सांगू म्हणायचा आणि कोलूशी रोवणीच्या गप्पा मारून परत यायचा.

आठव्या दिवशी कोलूला सुट्टी मिळाली. रात्रभर झड लागून सकाळ गार होती. लटारू घाटावर आपलं मेलेलं इंजिन उघडून बसला होता. मंगलीबाई त्याच्याजवळ आली आणि तिनं तेलाचा डबा त्याच्या पुढ्यात ठेवला. तुमचं इंजिन दुरुस्त झालं की लागेल, म्हणाली. गावातून मागवलं होतं तिनं. मग तिनं हातानं खालचा डोंगा दाखवला. तो झिंगूचा, लटारूचं बघून अलीकडेच इंजिन चढवलेल्या भामरागडच्या दुसऱ्या नावाड्याचा होता. झिंगूकडचंही तेल संपलं होतं, म्हणून तिनं त्यालाही दिलं होतं. कोलू डोंग्यात बसला होता, आणि झिंगू हँडल फिरवत होता. ते जड लागत होतं, हे लटारूला इथूनच दिसलं.

‘‘झिंगू! थांब, सुरू करू नको!’’ लटारू ओरडत उठला. झिंगूनं हँडल सोडलं. मग लटारू मंगलीबाईकडे वळला. त्याला तिच्याकडे बघवेना.

‘‘बाई, तवा म्या खोटं बोललो. त्या तेलानंच बेअरिंग गेलं. तुमचं तेल चांगलंच हाय, पण इंजिनात म्या टाकलं, न इचारता. चूक माही होती.’’

मंगलीबाईनं डब्याकडे पाहिलं. मग डोंग्यात बसलेल्या लेकाकडे.

‘‘पण म्या तर त्या दिवशी इचारलं होतं ना भाऊ तुमाले,’’ ती म्हणाली.

लटारूनं पाना उचलला आणि झिंगूच्या इंजिनातलं तेल काढायला खाली उतरला. त्याच्या मागोमाग ती आली आणि डोंग्यातली परात इंजिनाखाली धरून बसली.