खुंटीवरची तलवार आणि कामिनीची कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी नाटकातली तलवार आहे. माझी गोष्ट एका पत्रापासून सुरू करते, कारण त्या पत्राला कित्येक महिने उत्तरच गेले नव्हते.

माझी मूठ भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या दुकानातली, पाते तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे. धान घरात आले की गावोगाव मंडईची जत्रा भरे, रात्रभर नाटके चालत आणि प्रत्येक राजाच्या कमरेला मी असे. नाटक मंडळी मोडली तेव्हा प्रॉम्प्टर टिकारामजींनी मला कारध्याला घरी आणले. पडद्याआडून नटांना वाक्ये सांगण्यात त्यांचा जन्म गेला. त्यामुळे घरीही ते वाचत, बोलत ते कुजबुजतच.

त्या कुजबुजीनेच माझे सुख गेले. त्यांची शहापूरची भाची कामिनी हिने एक जाडजूड कादंबरी लिहून त्यांच्याकडे पाठवली. किल्ले, राजे, आग ओकणारे अजगर. सोबत पत्र होते : ‘मामाजी, चांगलं-वाईट खरं खरं सांगा. मंग दुसरा भाग लिहीन.’

त्या कादंबरीत एक तलवार होती. आकाशातून पडलेल्या लोखंडाची, अंधारात निळी उजळणारी. तिला नाव होते. मला कोणी कधी नाव दिले नाही. टिकारामजी रोज तिच्याविषयी कुजबुजत आणि माझ्यावरची धूळ वाढत जाई.

मग मी कान देऊन दोष वेचू लागले. नावे अशी की टिकारामजींची जीभ अडखळे. हजारोंची फौज डोंगर ओलांडे, पण कुठे जेवत नसे. एवढ्या मोठ्या राज्यात धानाची एक बांधी, भाताचे एक शेतही नव्हते. लढाया तर सगळ्या सारख्याच. मला फार बरे वाटे.

पण एका दुपारी कुजबूज थांबली. एक लोहारीण रणात येते. तिनेच घडवलेल्या त्या निळ्या तलवारीने तिचाच मुलगा मेलेला असतो. ती पाते पुसते आणि तलवार राजाला परत देत नाही. टिकारामजींनी ते पान पुन्हा वाचले, मग चष्मा काढून डोळे पुसले. इतक्या नाटकांत राजे माझ्या वाराने पडले, पण त्यांनी माझ्यासाठी कधी डोळे पुसले नव्हते.

तरीही ते उत्तर लिहीनात. शेवटी शकुबाई, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, “पोरगी लिहणं बंद करून बसली. मामाजीले आवडलं नसंल म्हणते. काहून लिहत नाही जी तुमी?”

“जनमभर दुसऱ्याचेच बोल सांगतले मी. माह्या मताले का किंमत?” टिकारामजी कुजबुजले.

“नट अडला का वाक्य सांगत होते ना? आता पोरगी अडली.”

टिकारामजी कागद घेऊन बसले आणि कुजबुजत लिहू लागले.

‘कामिनी, तुझी फौज उपाशी आहे, तिला जेवू घाल. निम्म्या लढाया काढून टाक. लोहारणीच्या पानाला मात्र हात लावू नकोस. तसे पान मी इतक्या वर्षांत पडद्याआडून कुणाला सांगितले नाही.’

आता निळ्या तलवारीची स्तुती येणार म्हणून मी मन घट्ट केले.

‘तुझी तलवार कधी जड होत नाही. माझ्या खुंटीवर पत्र्याची एक आहे. तिसऱ्या अंकापर्यंत तीही नटाच्या हाताला जड व्हायची, आणि लोकांना तेव्हाच ती खरी वाटायची.’

मित्रांनो, त्या निळ्या तलवारीचा हेवा मला अजूनही वाटतो. पण पत्रात मी होते. एवढे मात्र सांगते, कोणी जीव ओतून केलेले तुमच्या हाती दिले, तर जे वाटेल ते त्याला सांगा. धूळ माझ्यावर बसते तशी माणसाच्या उमेदीवरही बसते.

निघण्यापूर्वी टिकारामजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने माझे पाते पुसले. मग नदीवरचा पूल ओलांडून ते पत्र टाकायला भंडाऱ्याला गेले. परतल्यावर शकुबाईंनी विचारले, “टाकलं का पत्र?”

“टाकलं,” ते म्हणाले. पहिल्यांदाच मी त्यांना मोठ्याने बोलताना ऐकले.