मरण नसलेली वस्ती

आमच्या वस्तीत वर्षभरात एकही माणूस मेला नाही. जन्मलंही कोणी नाही. हा शोध आमच्या साहेबांचा. मी नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात कारकून आहे. वस्तीवार तक्ता माझ्याच हाताने तयार झाला, पण डोकं साहेबांचं. आमच्याकडे इस्पितळ नाही. जन्माला यायला आणि मरायला लोक पुलापलीकडच्या इस्पितळात जातात. साहेबांचं म्हणणं, घटना जिथे घडली त्या वस्तीच्या नावावर मांडायची. मी म्हटलं, "साहेब, माणूस राहतो कुठे तेही बघायला हवं."

साहेब म्हणाले, "मेल्यावर तो कुठेच राहत नाही."

पालथ्या घड्यावर पाणी. तक्त्यात पुलापलीकडे माणसं धडाधड जन्मत आणि धडाधड मरत होती, आणि आमच्याकडे दोन्ही रकान्यांत शून्य. तो तक्ता पेपरात आला आणि लोकांची डोकी फिरली.

मूल हवं असलेली जोडपी पलीकडे खोल्या शोधू लागली. पुरे झालं म्हणणारी आमच्याकडे येऊ लागली. म्हाताऱ्यांची तर रीघ लागली. आमच्या गल्लीतल्या निम्म्या खोल्या ज्यांच्या मालकीच्या, त्यांना सगळे खोल्यावाले काका म्हणतात. काकांनी भाडी वाढवली. गिऱ्हाइकाला ते सांगत, "पाणी एक दिवसाआड येतं, पण मरणाची कटकट नाही." विम्याचा एजंट मात्र मला बघून तोंड फिरवायला लागला.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण दोन ट्रंका घेऊन सासूबाई आल्या. सासूबाईंच्या पित्ताशयात खडे होते. ऑपरेशन लवकर करा, खडा अडकला तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. डॉक्टर अर्थातच पुलापलीकडे.

"मी तिकडे पाऊल टाकणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "तिथे माणसं मरतात हो, जावईबापू. तुमच्याच तक्त्यात आहे."

"अहो, आजारी माणसं तिथे जातात, म्हणून तिथे मरतात."

"तेच म्हणतेय मी. जातात म्हणून मरतात."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्ता चूक आहे म्हणावं तर, "मग खोटं लिहायचा पगार घेता का?" बरोबर आहे म्हणावं तर ट्रंका हलत नाहीत. त्यांनी माझी खिडकीजवळची खुर्ची घेतली, माझा रेडिओ घेतला, आणि पोटात कळ आली की त्या रेडिओ मोठा करायच्या. त्या गेल्या तर बरं, असं मला रोज वाटायचं. घरी गेल्या तर, एवढंच. बायको भांडी घासता घासता रडायची. "आईला काही झालं ना, तर तुमचा तक्ता मी चुलीत घालीन," म्हणाली. तिच्या रडण्याने मलाही खरोखर भीती वाटू लागली.

साहेबांच्या हातापाया पडलो. म्हटलं, तक्त्याचा अर्थ समजावणाऱ्या दोन ओळी तरी छापा. साहेब थंडपणे म्हणाले, "छापायला काहीतरी घडावं लागतं. तुमच्या वस्तीत कोणी मरून दाखवा, मी लगेच मांडतो."

सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, खडा अडकला. सासूबाई अशा ओरडल्या की रेडिओ ऐकू येईना. मी पायांत चपला अडकवतोय तोच दारात खोल्यावाले काका आणि त्यांचे चार धट्टेकट्टे भाडेकरू. काकांचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, शेजारधर्म.

"इथे नको हं आजी, इथे नको," काका म्हणाले. "चला रे, उचला."

सासूबाई खुर्चीसकट उचलल्या गेल्या. गल्लीतून ही वरात निघाली. पुढे काका लोकांना बाजूला सारताहेत, मागे मी आणि बायको धावतोय, आणि वर सासूबाई, "मला मारायला नेताहेत हो," म्हणत हातातल्या पंख्याने एका भाडेकरूचं टक्कल झोडपताहेत. पुलावर त्यांनी कठडा पकडला. काकांनी त्यांचं एकेक बोट सोडवलं आणि सोडवताना विचारलं, "श्वास चालू आहे ना? थोडंच राहिलं, आजी."

पूल संपला तशी काकांनी खुर्ची जमिनीवर टेकवली. घाम पुसला. इस्पितळ अजून दोन गल्ल्या लांब होतं.

"आता तुमचं तुम्ही बघा," ते म्हणाले, आणि पाचही जण हात झटकत परत गेले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण भांडायला वेळ नव्हता. मी आणि बायकोने मिळून खुर्ची इस्पितळापर्यंत नेली. सासूबाई आता ओरडत नव्हत्या, आणि तेच मला सहन होत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना म्हणालो, "काहीतरी बोला ना."

ऑपरेशन झालं. आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तर सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. शेजारच्या खोलीतून तान्ह्या बाळांचा कालवा चालू होता.

"तुमच्या वस्तीत माणसं का मरत नाहीत ते कळलं मला," त्या म्हणाल्या. "मरायला टेकलेल्याला तिथे कोणी ठेवूनच घेत नाही."

मी मान खाली घातली.

"मी आता माझ्या घरी जाते."

इतके दिवस हेच ऐकायला माझे कान आसुसले होते. आणि तोंडातून निघालं, "राहा की आमच्याकडेच." मला मनापासून तसं वाटत होतं.

त्यांनी एकदा दाराकडे बघून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, माझी वेळ आली, तर घरातच राहू द्याल मला? तुमच्या शून्याचा एक झाला तरी?"

"होऊ दे एक," मी म्हणालो. "दारात मी उभा राहीन. कोणी खुर्चीला हात लावून तर बघू दे."

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि माझा हात घट्ट धरला.

"बरं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही घाई करू नका."