पाचातलं एक मिनिट

मित्रांनो, कपाटातल्या जुन्या वस्तूंना बोलायला मिळालं की त्या आपलं कौतुक सांगत सुटतात. मी एक जुना टायमर आहे, पण मला कौतुक सांगायचं नाही. मला एक कबुली द्यायची आहे, आणि ती तुमच्याजवळच द्यावी असं वाटतं, कारण तुम्हालाही कधी ना कधी वर्गासमोर उभं राहून बोलायचंच आहे.

मी तुमच्या मुठीत मावेन एवढा. पांढरा गोल चेहरा, त्यावर मिनिटांच्या रेघा, एक लाल काटा आणि पोटात स्प्रिंग. काटा फिरवून ठेवला की तो टिकटिक करत मागे येतो आणि शून्यावर पोचला की मी ट्रिंग करून ओरडतो. कारखान्यात एका बाईंनी चिमट्याने माझी स्प्रिंग बसवली, मला कानाशी धरून ऐकलं आणि खोक्यात घातलं. खोक्यात एक चिठ्ठी होती. थोड्या मिनिटांची वेळ लावायची असेल तर काटा आधी वीसच्या पुढे न्या आणि मग हव्या त्या रेघेवर मागे आणा, असं तिच्यावर छापलं होतं. तसं केलं नाही तर स्प्रिंगला पुरता ताण बसत नाही आणि मी पाच मिनिटांची घंटा चारालाच देऊन मोकळा होतो. ही माझी जन्माची खोड आहे. ती चिठ्ठी पहिल्याच आठवड्यात कुणीतरी घडी करून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.

दवाखान्यातल्या तपासण्यांचं काम शिकवणाऱ्या एका कॉलेजात माझं आयुष्य गेलं. तिथल्या प्रयोगशाळेचे मदतनीस काका काचपट्ट्यांवर रंग किती वेळ ठेवायचा ते माझ्यावर लावत. आधी पुढे, मग मागे. "याला आधी जरा दटावावं लागतं, मग शहाण्यासारखा वागतो," असं ते नव्या मुलांना सांगत आणि मुलं हसत. बावीस वर्षं मी एका मिनिटाचीही चूक केली नाही. काका निवृत्त झाले तेव्हा त्यांनी किल्ल्या दिल्या, याद्या दिल्या, कुठला नळ गळतो तेही सांगितलं. माझी खोड तेवढी सांगायची राहून गेली.

मग मला मॅडमनी नेलं. त्या संवाद कौशल्य हा विषय शिकवत. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्गासमोर पाच मिनिटं बोलायचं, त्याला गुण. मॅडमचा नियम कडक होता. घंटा म्हणजे घंटा. ती वाजली की शब्द अर्धा राहिला तरी थांबायचं, आणि ज्याच्या बोलण्याला शेवट नाही त्याचं भाषण अपुरं. अपुरं भाषण म्हणजे त्या वर्षी दवाखान्यात शिकायला पाठवणार नाहीत. "घाबरलेला माणूस समोर बसलेला असतो. त्याला तुमचं पाल्हाळ ऐकायला वेळ नसतो," असं त्या म्हणत. बाई वाईट नव्हत्या, अगदी काटेकोर होत्या. माझा काटा त्या नीट डोळ्यांजवळ धरून थेट पाचाच्या रेघेवर आणत, एक केसभरही इकडे-तिकडे नाही. आणि मी चार मिनिटांनी वाजत असे.

पहिल्या वर्षी कुणाच्या लक्षातच आलं नाही. बहुतेक मुलं भीतीपोटी भराभर बोलून तीन मिनिटांतच खाली बसत. एक उंच मुलगी मात्र प्रत्येक शब्द तोलून बोलायची. वर्ग तिला गोगलगाय म्हणायचा. ती छान बोलत होती हो! "आणि म्हणून मी ठरवलंय, की..." एवढं ती म्हणाली आणि मी वाजलो. तिने मॅडमकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग कागद घडी करून जागेवर जाऊन बसली. सुट्टीनंतर ती कॉलेजात परत आली नाही. मला लावलं तसा मी चाललो, माझा काय दोष, असं मी स्वतःला सांगत राहिलो. स्वतःची समजूत काढायला मला फार वेळ लागला नाही, याची आता लाज वाटते.

दुसऱ्या वर्षी मॅडमनी सरावासाठी मला आळीपाळीने मुलांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. असा मी एका शिंप्याच्या मुलीबरोबर तिच्या घरी गेलो. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. तिच्या बाबांचं घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला होता. ते कापडावर खुणा करायच्या खडूने पाटीवर लिहून बोलत. कुणाचं लक्ष वेधायचं असलं की कात्रीने मशीनवर टकटक करत. गिऱ्हाइकांशी बोलणं मुलीकडे होतं. "बाबा म्हणतायत, बाही आणखी आखूड केली तर शोभणार नाही," असं ती सांगे, आणि बाबा मान डोलवत.

पहिल्याच संध्याकाळी तिने माझा काटा थेट पाचावर लावला आणि बोलायला लागली. तिचा विषय होता 'आमच्या घरची पाटी'. मी वाजलो तेव्हा बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मला हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, दोन-तीनदा लावून पाहिलं. आयुष्य मशीनच्या चाकांशी गेलेला माणूस तो, माझी खोड त्यांनी अर्ध्या तासात हुडकून काढली. मग त्यांनी पाटीवर सावकाश लिहिलं, 'घंटा आधी वाजते. मॅडमना सांग.' आणि कात्रीने टकटक केलं.

"बाबा, जरा पाटी द्या ना. मला मुद्दे लिहायचेत," असं म्हणत मुलीने पाटी ओढून घेतली आणि न वाचताच बाहीने पुसली. त्यावर तिने लिहिलं: सुरुवात, मधलं, शेवट.

बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि खडू खिशात टाकला. त्यांना वाईट वाटलं होतं, हे मला दिसलं. पुसलेलं त्यांनी पुन्हा लिहिलं नाही. मॅडमना आपली वस्तू ठाऊक असेलच, असंही त्यांना वाटलं असावं. पुढचे तीन दिवस ते स्वतः मला आधी पुढे, मग मागे लावून देत. बाबांच्या हाताला चाळाच आहे, असं समजून मुलीने काही विचारलं नाही. तिने भाषण बरोबर पाच मिनिटांचं बसवलं. शेवटच्या मिनिटाला मात्र ती नुसते ओठ हलवायची. "शेवट परीक्षेच्या दिवशीच ऐका," असं ती बाबांना म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी प्रत्येकाने घरचं एक माणूस आणायचं होतं. बाबा शेवटच्या बाकावर पाटी मांडीवर घेऊन बसले. मॅडमनी मला नेहमीसारखं थेट पाचावर लावलं. मित्रांनो, मला तोंड असून मी बोलू शकत नव्हतो. मला फक्त वाजता येतं, आणि नेमकं तेच मला करायचं नव्हतं.

"आपण बोलणं शिकतो, पण समोरचं वाचायला थांबत नाही. चार दिवसांपूर्वी आमच्याकडे..." एवढ्यात मी वाजलो.

मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. "मॅडम, माझं अजून..."

"घंटा म्हणजे घंटा. बस." मॅडमनी गुणांच्या तक्त्यावर 'अपुरं' असं लिहिलं.

मागे बाबांनी पाटी डोक्यावर धरली होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'चारच मिनिटं झाली'. पण मॅडम तक्त्यात पाहत होत्या, मुलीची मान खाली होती आणि बाकीच्यांना आपापल्या भाषणाची धास्ती होती. बाकावर टकटक करायला कात्रीही नव्हती. थोड्या वेळाने त्यांचे हात भरून आले आणि त्यांनी पाटी खाली ठेवली.

सगळ्यांचं झाल्यावर मॅडमनी मला मुलीच्या हातात दिलं आणि कपाटात ठेवायला सांगितलं. रिकाम्या वऱ्हांड्यात बाबांनी तिला गाठलं. ती रडतच होती. त्यांनी मला तिच्या हातातून काढून घेतलं, काटा वीसच्या पुढे नेला, मागे आणून एकावर लावला आणि मला तळहातावर धरलं. पाटीवर त्यांनी एकच शब्द लिहिला, 'पुढे?'

मुलीने डोळे पुसले. माझी टिकटिक चालू होती.

"चार दिवसांपूर्वी तुम्ही काहीतरी लिहिलंत, बाबा," शेवटी ती म्हणाली. "मी न वाचताच पुसलं. संवादाचं भाषण लिहायला पुसलं! नंतर लक्षात आलं, पण विचारायची लाज वाटली. वर्गासमोर विचारलं तर टाळता येणार नाही, म्हणून हा शेवट केला होता. चुकलं माझं. काय लिहिलं होतं तुम्ही?"

मी वाजलो. त्या दिवसातलं तेवढंच माझं वाजणं खरं होतं.

बाबांनी पाटी पुसून पुन्हा लिहिलं. 'घंटा आधी वाजते. मॅडमना सांग.' मुलीने वाचलं, परत वाचलं. आधी ती हसली आणि मग बाबांच्या खांद्याला डोकं टेकून जास्तच रडली.

मॅडम तक्ते घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांनी पाटी वाचली, मला घेतलं आणि मनगटावरच्या घड्याळाशी दोनदा लावून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "उद्या सगळ्यांची भाषणं मी पुन्हा ऐकते," त्या म्हणाल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आणि गेल्या वर्षीची?"

दुसऱ्या दिवशी शिंप्याची मुलगी बोलली, तिचा शेवट झाला आणि मी त्यानंतर वाजलो. ती दवाखान्यात शिकायला गेली. मॅडमनी माझ्या पाठीवर एक कागद चिकटवला, 'आधी पुढे, मग मागे'. गोगलगायीच्या घरच्या पत्त्यावर त्यांनी दोन पत्रं पाठवली. त्या पत्त्यावर आता कुणी राहत नाही, असा शेरा घेऊन दोन्ही परत आली. ती माझ्याच खणात ठेवलेली आहेत.

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. जुन्या वस्तूची चिठ्ठी टाकून देऊ नका, तिची खोड पुढच्याला सांगा. आणि घंटा वाजली म्हणून कुणी गप्प बसलं, तर त्याचं संपलं असं धरून चालू नका. शिंपीबाबांसारखं एकदा विचारा, पुढे? मी तर एकट्याने कपाटात बसून रोज विचारतो. ती उंच मुलगी म्हणाली होती, "आणि म्हणून मी ठरवलंय, की..." तिने काय ठरवलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.