उशाचा कांदा

सिंधुबाईंनी तिसरा कांदा लोडामागे सरकवला आणि वरून पदराने जागा पुसली, जणू तिथे धूळच होती. एक उशीखाली, एक दाराशी, एक इथे. आप्पासाहेब कुठेही आडवे झाले तरी नाकाला लावायला कांदा हाताशी.

"आगं, मला फिट न्हाई, कॅन्सर हाय," आप्पासाहेब डावा हात चोळत म्हणाले.

"हळू बोला. कॅन्सर सगळ्या मुरुडला ठावं हाय. दुसरं कळू देऊ नका."

दोष औषधवाल्या हारिसचा. कॅन्सरची गाठ हाताच्या नसेवर दाबते, रात्रभर हातात इस्तव पेटतो, म्हणून लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली, आणि हारिसने भरल्या दुकानात विचारलं, "ही फिटची गोळी, आप्पा. घरात मिरगी कुणाला?" फिट थांबवणारी गोळी खवळलेली नसही निजवते, हे डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. सिंधुबाईंना ते पटलं नाही. डॉक्टर उगाच कशाला फिटचं औषध देतील? शिवाय कॅन्सरवाल्याची नात लोक करून घेतात, वर हळहळतातही. मिरगीच्या घरची कोण करतो? गोळ्यांचं पाकीट पंधरा दिवस मिठाच्या बरणीमागे होतं, आणि आप्पासाहेब पंधरा दिवस जागे.

आज नातीला, उज्वलाला बघायला उदगीरहून मुलाचे आजी-आजोबा यायचे होते. पाहुण्यांपुढे कण्हायला नको, म्हणून आप्पासाहेबांनी सकाळीच बरणी सरकवून एक गोळी गिळली होती. गुपचूप.

पाहुणे आले, टेकले. मुलाचे आजोबा माणिकप्पा तुरीवरच्या अळीबद्दल सांगू लागले. अळी शेंगेत शिरेपर्यंत आप्पासाहेबांची मान छातीवर आली, तोंड उघडं पडलं.

सिंधुबाई झेपावल्या. लोडामागचा कांदा थेट नाकाखाली.

"कोण उठवलं बे?" आप्पासाहेब खेकसले. "किती दिसांनी डोळा लागला होता!"

"हात?" सिंधुबाईंनी विचारलं.

त्यांनी बोटं हलवून पाहिली. "जरा गप हाय." आणि पुन्हा घोरू लागले.

खोलीभर कांद्याचा वास. सिंधुबाईंना कांदा कुठे ठेवावा सुचेना. मुलाची आजी केवळाबाई त्याच कांद्याकडे बघत होत्या.

"गोळी चालू हाय का? फिटची म्हणत्यात ती?"

सिंधुबाईंनी मान खाली घातली.

"ह्यांना बघा." केवळाबाईंनी हनुवटीने दाखवलं. अळीची गोष्ट अर्ध्यात टाकून माणिकप्पाही भिंतीला टेकून झोपले होते. "शुगरनं पायाची लई आग. चार महिने झाले, तीच गोळी. तुम्हांला कळलं तर काय म्हनाल, म्हनून..."

त्यांनी पिशवी उघडली. रुमाल, कुंकवाची डबी, आणि तळाशी हिरवा कोंब आलेला कांदा.

"अजून लागला न्हाई कधी," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात उज्वला दारात आली. "आज्जी, पोह्याला कांदा सापडंना. टोपली रिकामी हाय."

केवळाबाईंनी आपला कांदा तिच्या हातावर ठेवला. "कोंब काढून चिर, बाई. आमच्या पोराला पोह्यात कांदा जास्तच लागतो. आतापासून ध्यानात ठिव."

सिंधुबाईंनी हातातला दिला. मग उठून उशीखालचाही दिला.

दाराशीचा तेवढा राहू दिला.